तुम्ही विचारा : इंग्लंडात एकट्यानं सायकल

प्रश्न : मी रेल्वेत लोको पायलट होतो, आता रिटायर झालोय. मुलगी-जावई डर्बीला असतात, मे-जूनमध्ये त्यांच्याकडे जाणार आहे. रोज सकाळी साकेगाव-नशिराबादपर्यंत सायकल मारतो, तोरणमाळचा घाटपण चढून झालाय. तिथं गेल्यावर आठ-दहा दिवस एकटंच खेड्यापाड्यातून सायकलवर फिरायचं डोक्यात आहे. घरचे म्हणतात या वयात काय खूळ घेतलं. जमेल ना? रोजचे १०० किलोमीटर धरू का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, खूळ आहेच, पण चांगलं आहे, जाऊ देऊ नका. फक्त ते १०० किलोमीटर आधी खोडा आणि ५०-६० लिहा.

कारण सांगतो. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, का लावतात हे मी तुम्हाला काय सांगणार, तो चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या रस्त्यांवर ६ ला १, ५ ला १ असे चढ सर्रास येतात, आणि लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास तर ३ ला १ आहे, तिथं भलेभले उतरून सायकल ढकलतात. आपला तोरणमाळ काय किंवा चाळीसगावचा कन्नड घाट काय, वळणं घेत घेत जातो, एकदा दम बसला की माणूस तासभर एका लयीत चढतो. तिथले रस्ते जुन्या गाडीवाटांवरून पडलेले, टेकडी आली की सरळ वर, पलीकडे सरळ खाली, आणि खाली ओढा ओलांडला की पुन्हा वर. एकही डोंगर मोठा नसतो म्हणून कागदावर सोपं वाटतं आणि चार वाजेपर्यंत मांड्या बोलायला लागतात. म्हणून सायकल घेताना पेडलपाशी लहान दातेरी चक्र आणि मागच्या चाकापाशी मोठं असा एकदम हलका गियर आहे की नाही एवढं बघाच, बाकी रंग कुठलाही असो.

चढ आधी कळतो हे एक बरं आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी संस्थेचे नकाशे मिळतात, गुलाबी कव्हरचा लँडरेंजर घ्या, १:५०,००० चा, सायकलला तोच बरा. त्यात रस्त्यावर बाणाची छोटी खूण असते, एक बाण म्हणजे ७ ला १ किंवा त्याहून खडा, दोन बाण म्हणजे ५ ला १ च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं, म्हणजे टोक तुमच्याकडे रोखलेलं दिसलं की समजायचं आता चढायचंय. मोबाईल हे दाखवतो पण पावसात ओल्या बोटांनी तो चालत नाही.

आता खास तुमच्यासाठी. १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या रेल्वे चेअरमननं अहवाल दिला की तोट्यातल्या लायनी बंद करा, सुमारे ८,००० किलोमीटर लाईन आणि २,३६३ स्टेशनं त्याच्या यादीत होती. बऱ्याच लायनी खरंच उखडल्या आणि पुढं काहींच्या बांधावर सायकलचे रस्ते झाले. तुमची मुलगी नेमकी अशाच रस्त्यांच्या तोंडाशी राहते हो! डर्बीहून ॲशबोर्न वीस-बावीस किलोमीटर, तिथून टिसिंग्टन ट्रेल सुरू होतो, २१ किलोमीटर, सगळा रेल्वेच्या बांधावरून, म्हणजे चढ असला तरी रेल्वेच्या हिशोबाचा. तो ‘पार्स्ली हे’ नावाच्या ठिकाणी हाय पीक ट्रेलला मिळतो. ही हाय पीकची लाईन १८३०-३१ ची, त्यात टेकड्यांवर वॅगन चढवायला वर जागेवर बसवलेली वाफेची इंजिनं होती आणि ती दोरानं वॅगन ओढायची, मिडल्टनचा उतार तर ८ ला १. तिथलं इंजिनघर अजून उभं आहे, आत जुनं इंजिन आहे, अर्धा दिवस राखून ठेवा. शेजारी मोन्सल ट्रेल आहे, साडेतेरा-चौदा किलोमीटर, १९६८ ला बंद झालेली लाईन, तिचे बोगदे २०११ मध्ये सायकलवाल्यांना खुले झाले. बोगद्यातून बाहेर येऊन एकदम उंच पुलावर निघायचं, खाली नदी. इंजिनाच्या केबिनमधून आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं वाटेल ते मला कळवाच.

रस्त्याचं थोडक्यात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून, ते एक बरं. मोटरवेवर सायकलला बंदी आहे, ए नंबरच्या, म्हणजे मुख्य, रस्त्यांवर परवानगी आहे पण जीव मुठीत धरून चालवण्यात मजा नाही, बिननंबरी रस्ते शोधा. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेली झाडांची कुंपणं, मधे एक गाडी जाईल एवढीच जागा. पांढऱ्या गोलात तिरपी काळी पट्टी दिसली की कमी वेग असा अर्थ लावू नका, तिथं साध्या रस्त्यावर ताशी ६० मैल म्हणजे ९६ किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणून अगदी कुंपणाला चिकटून नाही चालवायचं, थोडं आत राहायचं म्हणजे वळणावर समोरच्याला दिसता, आणि पिवळं-भगवं जाकीट घालायचं. मागे कार थांबली तर घाबरू नका, जागा येते तिथं बाजूला व्हायचं, हात करायचा, तेही हात करतात. हॉर्न सहसा कोणी मारत नाही, भुसावळहून गेलेल्या माणसाला दोन दिवस चुकल्यासारखंच होईल.

प्रश्न : दादा, मी शिरपूरची, लेस्टरला शिकतेय. सुट्टीत एकटीच सायकल आणि तंबू घेऊन निघायचा विचार आहे. तंबू कुठंही टाकला तर चालतो का? आणि आई घाबरते, तिला काय सांगू?

उत्तर : नाही चालत ताई. इंग्लंडमध्ये जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय तंबू टाकता येत नाही. डार्टमूरची मोकळी माळरानं तेवढी अपवाद, त्यावर कोर्टात भांडण गेलं होतं आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिथं २००३ च्या कायद्यानं मोकळीक आहे. तुम्ही कॅम्पसाईट धरा, नाहीतर वायएचएची (यूथ होस्टेल्स असोसिएशन) होस्टेलं, ही संस्था १९३० पासूनची आहे, बऱ्याच होस्टेलांत सायकल ठेवायला कुलुपाची खोली आणि स्वतः रांधायला किचन असतं.

पहिल्यांदा एकटीनं जायचं तर मी म्हणेन नॉरफोक. लोक म्हणतात सपाट आहे, बोअर आहे, म्हणू दे. किंग्ज लिनपर्यंत रेल्वेनं जा (सायकल नेता येते, पण काही गाड्यांना आधी जागा बुक करावी लागते आणि ऑफिसच्या वेळेत बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत) आणि तिथून नॅशनल सायकल रूट नंबर १ च्या निळ्या पाट्या पकडून वेल्स-नेक्स्ट-द-सी या गावावरून नॉरिच. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पूर्वेकडे जाताना पाठीवर, हा हिशोब उलटा केला तर सपाट रस्तासुद्धा घाट होतो.

आईला सांगा जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, अंधारात चालवायची वेळच येत नाही. पण रोज संध्याकाळी कुठं मुक्काम ते घरी कळवायचं हे पक्कं करा, आणि खोलगट भागात रेंज जाते तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर एक तास फोन लागला नाही की इकडं अख्खी गल्ली जमा. अडचण आली तर ९९९ किंवा ११२.

प्रश्न : आम्ही माळकरी. सायकलवर फिरताना पोटाचं काय करायचं? — अमळनेर

उत्तर : उपाशी मरत नाही माणूस. भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर बीन्स हे बहुतेक कॅफेत मिळतं. पण फ्राईज घेताना तेल कसलं ते विचारा, काही दुकानांत, खासकरून यॉर्कशायरकडं, बीफच्या चरबीत तळतात. हे कोणी आपणहून सांगत नाही. सगळं चीजही शाकाहारी नसतं, पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. खेड्यातल्या पबचं किचन दुपारी दोन-अडीचनंतर बंद होतं ते सहाच्या सुमारास उघडतं, आणि रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, तेव्हा सामान शनिवारीच भरा. इकडून कळण्याचं पीठ, ठेचा, शेव खुशाल न्या, होस्टेलच्या किचनमध्ये भाकरी थापता येते, वास येईल तर येऊ द्या. तूप-पेढे मात्र नेऊ नका, आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. केळी सगळीकडे मिळतात, रावेरची चव शोधू नका.

प्रश्न : सायकल इथून न्यावी की तिथं घ्यावी? — जळगाव

उत्तर : पंधरा दिवसांपेक्षा कमी जाणार असाल तर तिथंच भाड्यानं. ट्रेलच्या तोंडाशी भाड्याची दुकानं असतात पण ती बहुधा दिवसाच्या हिशोबानं देतात, लांबच्या टूरसाठी आधी फोन करून विचारा आणि मागं कॅरियर आहे ना बघा. स्वतःची नेणार असाल तर पेडल काढून, हँडल वळवून, दुकानातून मागून आणलेल्या खोक्यात भरा आणि एअरलाईनला तिकीट काढतानाच सांगा. टायर ३२-३५ एमएम रुंदीचे, रेल्वेच्या जुन्या वाटांवर बारीक खडी असते. पंप व्हॉल्व्हला बसतो का ते घरीच तपासा.