'माए' म्हणजे पुढे, मग ते मागचं कसं?

प्रश्न: ताई, मी देवगडची, डिसेंबरमधली जपानी भाषेची एन-फाइव्ह (सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा) देतेय. 'माए' म्हणजे पुढे असं पाठ केलंय, 'इए नो माए' म्हणजे घराच्या पुढे. पण पुस्तकात 'सान-नेन माए' म्हणजे तीन वर्षांपूर्वी असं दिलंय. पुढचं ते गेलेलं कसं काय? आणि 'उशिरो' नि 'आतो' एकच का? पार गोंधळ झालाय.

उत्तर: अगं, होणारच गोंधळ, कारण आपल्याला पुढचा आठवडा म्हणजे येणारा आणि मागचा म्हणजे गेलेला हीच सवय. पण तूच 'तीन वर्षांपूर्वी' लिहिलंयस ना, त्यातला 'पूर्वी' आणि पूर्व दिशा हा एकच शब्द आहे बघ, मूळ अर्थ पुढचा, आधीचा. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, आणि दक्षिण म्हणजे मुळात उजवीकडची! म्हणजे समोरचं ते आधीचं हा हिशोब आपल्याकडेही आहे, आपण विसरलोय एवढंच. एसटीच्या तिकिटाच्या रांगेत जो तुझ्या पुढे उभा त्याचा नंबर तुझ्या आधी लागतो की नाही, तसंच हे. 'माए'ची फोडही छान आहे, 'मा' म्हणजे डोळा नि 'ए' म्हणजे बाजू, डोळ्यांकडची बाजू.

'उशिरो' म्हणजे मागे, फक्त जागेसाठी, 'आतो' म्हणजे नंतर, वेळेसाठी, दोन्हीची कांजी (जपानीत वापरतात ते चिनी अक्षर) एकच म्हणून फसायला होतं. मी मुलांना सांगते की उशिरा येणारा मागे बसतो, म्हणून 'उशिरो', हे कुणी विसरत नाही. जेवायच्या आधी 'ताबेरु माए नि', जेवल्यानंतर 'ताबेता आतो दे', इथे क्रियापदाचं रूप बदलतं ते मात्र घोकून ठेव.

आणि एक, आपल्याला हे इंग्रजीतून शिकायची काहीच गरज नाहीय! 'इए नो माए' म्हणजे घरा-च्या-पुढे, 'नो' म्हणजे आपला 'च्या', शब्दांचा क्रमसुद्धा तोच. फरक पुढे येतो, खळ्यात गाडी उभी आहे तर 'माए नि', आणि पोरं खेळतायत तर 'माए दे', कारण 'नि' असण्याला, 'दे' काही करण्याला. मराठीत दोन्हीकडे 'घरापुढे' चालतं, म्हणून आपली पोरं नेमकी इथेच चुकतात.

शेजारचं घर 'तोनारी', पण फणसाच्या बाजूला गाडी असेल तर 'योको', कारण 'तोनारी' साधारण एकाच जातीच्या गोष्टींना लागतं. नुसतं जवळपास असेल तर 'सोबा'.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'ओकु', म्हणजे आतला भाग, आपल्या ओटी-पडवीच्या पलीकडचं माजघर म्हण हवं तर. दुसऱ्याच्या बायकोला 'ओकुसान' म्हणतात ते त्यातूनच, स्वतःच्या बायकोला नाही हं!

आणि 'वर' म्हणजे उंचच असं नसतं. आपण घाटावर जातो तो घाट खरंच वर आहे, पण जपानात तोक्योकडे जाणारी गाडी 'नोबोरी' म्हणजे चढती, आणि तिथून निघणारी 'कुदारी', मग मध्ये डोंगर असो नसो. क्योतोच्या पत्त्यांमध्ये तर 'आगारु' म्हणजे वर, याचा अर्थ उत्तरेला.

आता घरातल्याच दहा वस्तू घे, कुठली कशाच्या पुढे, मागे, बाजूला ते 'नो' लावून मोठ्याने म्हण, आणि अडलीस की परत लिही.