आठ महिन्यांच्या बाळाचा डोक्याचा एमआरआय झोपेचं औषध न देता होतो का?

होतो. पण हे आपणहून कोणी सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी तान्ही असतानाच डोक्यातल्या पाण्यासाठी तिला शंट, म्हणजे साठलेलं पाणी काढून देणारी बारीक नळी, बसवला. शंटवाल्या मुलांच्या आयांना ठाऊक आहे, उलटी झाली किंवा पोर पेंगुळलं की पहिली शंका एकच, शंट तुंबला का? की पुन्हा स्कॅन. आमचे मोठे भाऊजी दर वेळी म्हणायचे, "सीटी करा नि मोकळे व्हा." सीटी काही सेकंदांत होतो, मान्य. पण जिचं डोकं वर्षानुवर्षं तपासायचंय, तिला दर वेळी क्ष-किरण कशाला? एमआरआयमध्ये ते नसतातच.

इथे बडोद्यातल्या एका सेंटरनं मात्र हेका धरला की लहान मूल म्हणजे औषध द्यायलाच हवं. सकाळपासून उपाशी पोर, रडून लालबुंद, आणि पाजलेलं औषध तिने माझ्या पदरावर ओकून टाकलं. तपासणी राहिली ती राहिलीच. दांडिया बाजारात घरी पोचतो तर भाऊजी दारातच, "मी म्हटलं नव्हतं?"

मग न्यूरोसर्जननी दुसरीकडे पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच, 'शंट, फास्ट एमआरआय'. तिथली टेक्निशियन पहिल्यांदा काय म्हणाली, तर "बेन, पहेलां धवडावी लो." म्हणजे आधी अंगावर पाजून घ्या. पोट भरलं, डोळे मिटले. दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांत बोळे घालून तिला आत घेतलं. मी बांगड्या-मंगळसूत्र बाहेर काढून ठेवून शेजारी उभी. या पद्धतीत एकेक काप सेकंदभरात टिपतात, मूल हललं तरी तेवढाच काप बिघडतो. काही मिनिटांत आटोपलं, ती झोपलेलीच. भाऊजींना तो रिपोर्ट मी मुद्दाम वाचायला दिला.

तेव्हा आधी विचारा, डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय? पाणी वाढलंय का, एवढंच असेल तर फास्ट एमआरआय पुरतो. टाळू उघडी असेल तर कदाचित सोनोग्राफीवरही भागेल. फिट्सचं कारण शोधायचं असेल तर मात्र पूर्ण एमआरआयच लागतो आणि मग या वयात बहुधा औषध किंवा भूल द्यावी लागते, तिथे हट्ट करू नका. तेव्हाही उपाशी किती तास ठेवायचं ते भूलतज्ज्ञांकडून स्पष्ट विचारून घ्या. साधारणपणे आईचं दूध ४ तास आधी आणि वरचं दूध ६ तास आधी बंद करतात, रात्रभर पोराचे हाल करायची गरज नसते. दुपट्यात गुंडाळणं पहिल्या काही महिन्यांत जास्त साधतं. तुमचं बाळ आता मोठं आहे, त्याच्या दुपारच्या झोपेचीच वेळ मागून घ्या.

डोक्याला मार लागला असेल, घाई असेल, तर सीटीला नाही म्हणू नका. कवटीची बारीक चीर फास्ट एमआरआयमध्ये सुटू शकते. आणि शंट असेल तर त्याच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे पाणी किती सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं, कार्ड सोबत न्या. बाहेरून प्रेशर बदलता येणाऱ्या काही व्हॉल्व्हचं सेटिंग चुंबकाने हलतं, स्कॅननंतर ते तपासल्याशिवाय घरी निघू नका.