गायतोंडेंच्या चित्रात आकृतीच नाही, मग पाहायचं काय?

आकृती शोधूच नका, रंग कुठं दाट आहे अन् कुठं विरत जातो ते आधी पाहा, चित्राचा मूड तिथंच असतो. वासुदेव गायतोंडे (जन्म १९२४, आपल्या नागपूरचाच) स्वतःच्या कामाला अमूर्त नाही तर नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठली वस्तू समोर ठेवून काढलेलं नाहीच. रोलर अन् पॅलेट नाइफनं (रंग पसरवायची पातळ सुरी) ते तेलरंगाचे थर चढवायचे, काढायचे, त्यामुळं खालचा रंग वरच्यातून उजळतो, हिवाळ्यात सकाळी वावरातल्या धुक्यातून पऱ्हाटी हळूहळू दिसायला लागते ना, तसंच काहीसं (शाळेत चित्रकला शिकवतो, पोरांना हेच सांगितलं की पटकन कळतं). पण म्हणून ते धुक्याचं चित्र समजू नका. अन् मोबाईलवर हे थर एकदम सपाट दिसतात, मूळ चित्र पाहायला मिळालं तर सोडू नका.