सोळा वर्षांचा मुलगा आणि ऑनलाइन टेस्टमधले ३१ मार्क

पत्र: मावशी, माझा मुलगा अकरावीत आहे. पाकिटातले पैसे घेतो, तोंडावर खोटं बोलतो, क्लास बुडवतो. जूनमध्ये सासरे गेले तेव्हा रडलासुद्धा नाही. भाचीने मोबाईलवर वीस प्रश्नांची टेस्ट काढली, मी उत्तरं भरली, ४० पैकी ३१ आले आणि खाली लिहिलं होतं सायकोपॅथ. तेव्हापासून झोप नाही. ह्यांनी तर पट्ट्याने मारलं त्याला. काय करू?

उत्तर: अगं, आधी ती टेस्ट डोक्यातून काढ. वीस मुद्दे, ४० मार्क, ३० च्या वर गेलं की धोका, हा सगळा साचा कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथ ओळखायच्या चेकलिस्टचा दिसतोय. ती त्यांनी बनवली तुरुंगातल्या मोठ्या माणसांवर काम करून, आणि ती कुणी स्वतः भरायची किंवा आईने रागात असताना भरायची वस्तूच नाही. ट्रेनिंग घेतलेला माणूस समोर बसून लांबलचक मुलाखत घेतो, आणि मग कोर्टाचे, तुरुंगाचे जुने कागद काढून ताडून बघतो, कारण सायकोपॅथ माणूस मुलाखतीत गोड बोलून सहज गंडवू शकतो. कागद नसतील तर नुसत्या गप्पांवर मार्क देत नाहीत. तू भरलंस ते स्वयंपाकघरात, पैसे सापडत नव्हते त्या दिवशी.

दुसरं म्हणजे वय. सायकोपॅथच्या जवळचं डॉक्टरी निदान म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, आणि ते डॉक्टर १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत करतच नाहीत, आणि नंतर करतानाही पंधराच्या आधीपासून गंभीर वागणूक होती का ते बघतात. उगाच केलेला नियम नाही हा. टेरी मॉफिट नावाच्या संशोधक आहेत, न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा लहानपणापासून अभ्यास चाललाय त्यात त्यांनी काम केलं, आणि १९९३ मध्ये मांडलं की वाह्यात वागणारी पोरं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. काही थोडी अगदी लहानपणापासून मारकुटी, आणि ते मोठेपणीही चालू राहतं. बाकीची बरीचशी वयात येताना बिघडतात आणि पुढे बहुतेक सुधारतात. मग विचारायचं ते 'केवढं बिघडलाय' असं नाही, 'कधीपासून' असं.

आणि ते तूच लिहिलंयस की, पुढच्या पानावर! दहावीपर्यंत एक तक्रार नव्हती, ऑगस्टपासून पैसे जायला लागले. आजोबा गेले जूनमध्ये. ज्यांच्या खोलीत तो झोपायचा ते गेले, कॉलेज नवं, मित्र नवे, आणि घरात कुणी त्याला विचारलं का की तुला कसं वाटतंय म्हणून? सगळ्यांनी बघितलं ते एवढंच, की हा रडला नाही. मला तरी ह्यात सायकोपॅथ दिसत नाही, पण पत्रावरून निदान मीही करणार नाही.

पट्टा मात्र आजपासून बंद. नवऱ्याला स्पष्ट सांग, माराने खोटं कमी होत नाही, पोरगं जास्त सफाईने बोलायला शिकतं. पैसे जातात कुठे ते शांतपणे शोध, ऑनलाइन गेम, तंबाखू, की कुणी दमदाटी करून उकळतंय. हे तिसरं आईबापांना सुचतच नाही.

प्राण्यांना मुद्दाम त्रास देणं, आग लावणं, लहान मुलांना इजा करणं, हत्यार जवळ बाळगणं, ह्यातलं काही असेल, किंवा तो स्वतःच्या जिवाबद्दल काही बोलला, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नसेल तरी एकदा समुपदेशकाकडे ने, सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, फुकट आहे, आधी तूच फोन कर. जाताना टेस्टचा स्क्रीनशॉट नेऊ नकोस, शाळेचे जुने रिझल्ट ने आणि काय कधी सुरू झालं ते महिन्यावार लिहून ने. आणि भाचीने हा शब्द अजून कुणाकुणाला सांगितलाय ते विचार, त्याच्या कॉलेजात पोचायच्या आत.