जुना थिंकपॅड पी५० घेऊन अपग्रेड करणं परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, ड्रोन सर्व्हे आणि ऑटोकॅडची कामं घ्यायला सुरुवात केलीय. कंपनीच्या लीजवरून परतलेला लेनोव्होचा थिंकपॅड पी५० लॅपटॉप मिळतोय, आय७-६८२०एचक्यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम. तो हळूहळू वाढवत नेला तर नव्या लॅपटॉपची बरोबरी करेल का, असा प्रश्न आहे.

बरोबरी नाही करणार. तरी ड्रोनचे फोटो जोडण्यासाठी मी तो घ्या म्हणेन. ऑटोकॅड पळावं म्हणून घेत असाल तर मात्र पैसे वाया जातील. माझ्याकडे हेच मॉडेल चार वर्षं आहे, म्हणून हे ठामपणे सांगतोय.

पी५० मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही बोर्डवर सोल्डर केलेले असतात, म्हणजे घेताना जे असेल ते शेवटपर्यंत तेच. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच भागावर, चालतं आणि २०१५ सालचा कोअर आज हळूच वाटणार. त्यात कितीही रॅम भरली तरी रेषा ओढताना फरक जाणवत नाही. दुकानदार 'अपग्रेडेबल आहे साहेब' म्हणतो तेव्हा तो रॅम आणि डिस्कबद्दल बोलत असतो, आपण मात्र पूर्ण मशीनबद्दल समजतो. म्हणून १६ जीबी रॅम आहे याकडे बघू नका, ग्राफिक्स कोणतं ते विचारा. क्वाड्रो एम१००० एम आणि एम२००० एम अशा दोन ग्राफिक्स चिपची मशीनं बाजारात सापडतात. किमतीत थोडाच फरक असेल तर ४ जीबीचं एम२००० एम घ्या.

आता याची खरी श्रीमंती. रॅमचे चार स्लॉट आहेत, प्रत्येकात १६ धरून एकूण ६४ जीबी. माझ्याकडे १६ होती तेव्हा सातशे फोटोंचा एक सर्व्हे रात्री लावला की सकाळी प्रोग्रॅम बंद पडलेला दिसायचा. मग मी एका शेताचे चार तुकडे करून जोडत बसायचो आणि तुकड्यांच्या शिवणीवर उंचीत फरक यायचा. ६४ केल्यावर तेच काम एका दमात झालं. वेळ बराच लागतो, पण पूर्ण होतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

दोन स्लॉट खालचं झाकण उघडलं की समोर दिसतात, उरलेले दोन कीबोर्डखाली आहेत. कंपनीतून आलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा रॅम नेमकी कुठे बसवलीय ते उघडल्याशिवाय कळत नाही. कीबोर्ड काढायची वेळ आलीच तर दोन्ही स्लॉट एकदमच भरून टाका, परत परत तो काढण्यात मजा नाही. आधी बॅटरी काढून ठेवायची. ती बाहेरूनच निघते. स्टिक डीडीआर४ लॅपटॉपची, १६ जीबीच. २६६६ वेगाची मिळाली तरी चालेल, फक्त ती २१३३ च्या वेगानेच धावेल. ३२ जीबीची एक स्टिक लावून बचत करू म्हणाल तर ती इथे चालत नाही.

एसएसडीसाठी एम.२ च्या, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीच्या, दोन जागा आणि शिवाय अडीच इंची डिस्कची एक. महागडी चौथ्या पिढीची एसएसडी घेऊ नका, हे मशीन तिसऱ्या पिढीच्याच वेगाने चालवणार. आणि ट्रे, केबल, ब्रॅकेट आत आहेत का ते दुकानातच झाकण उघडून बघा. ते सुटे शोधत मी पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन शनिवार घालवलेत.

पैसे देण्याआधी एक गोष्ट न चुकता करा. मशीन चालू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवून निघून या. माझं पहिलं मशीन असंच होतं. विकणारा म्हणाला, 'आतला सेल काढला की जातो.' जात नाही! लेनोव्होचा अधिकृत उपाय बोर्ड बदलणं हाच आहे. मी ते वर्षभर तसंच वापरलं आणि शेवटी तोट्यात विकलं. बायॉसमध्येच अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची चोरीविरोधी सोय चालू दिसली तरी जुन्या मालकाकडून काढून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर नाही. मी एका एसएसडीवर लिनक्स टाकून नकाशांचं क्यूजीआयएस आणि ड्रोनचे फोटो जोडणारं ओपनड्रोनमॅप तिथेच चालवतो. ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही, त्यासाठी घरी वेगळा डेस्कटॉप आहे. एकाच मशीनवर दोन्ही करायचं असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा ठरेल.

वजनाचंही सांगतो. लॅपटॉप आणि १७० वॅटचा चार्जर मिळून तीन किलोच्या पुढे जातं, पाठीवर ड्रोनची पेटी असताना ते जाणवतं. शिवाय गाडीतला माझा १५० वॅटचा इन्व्हर्टर या चार्जरवर नुसता किंचाळायचा. शेवटी ३०० वॅटचा घेतला, तेव्हा कुठे बांधावर बसून फोटो तपासता यायला लागले.