डोळ्यांचं काय ते विचारा: नंबर तोच आहे, मग डॉक्टर कशाला?

नमस्कार डॉक्टर. माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत, ९ वर्षांपासून शुगर आहे. दरवर्षी चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर डोळे चेक करून घेतात, तिथे फुकट असतं. नंबर तोच निघाला की म्हणतात डोळे एकदम ओके. आता मात्र चार महिन्यांत दोनदा नंबर बदलला तर दुकानदारालाच शिव्या घालतायत. डोळ्याच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला दिसतंय ना, उगाच पैसे कशाला घालवायचे. त्यांना कसं समजावू? (एक सूनबाई, बारामती)

सूनबाई, आधी त्या दुकानदाराला शिव्यांतून सोडवूया. शुगर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबर हलतो, शुगर ताळ्यावर आली की बऱ्याचदा परत जागेवर येतो. म्हणजे त्याने काढलेले दोन्ही नंबर त्या त्या दिवशी बरोबरच असतील. तिसरा चष्मा करायच्या आधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या, नाहीतर घरात चष्म्यांचं प्रदर्शन भरेल.

आता तो कॉम्प्युटर. हनुवटी टेकवली की आत लांबच लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा दिसतो ना, तो फुगा तुमची नजर लांब टिकावी म्हणून असतो, तेवढ्या वेळात मशीन नंबरचा अंदाज काढतं. बस. मागचा पडदा म्हणजे रेटिना कसा आहे, डोळ्याचं प्रेशर किती, नस सुकतेय का, यातलं काहीही ते सांगत नाही. चार वर्षांचा कोर्स केलेला ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर तो नंबर उत्तम काढतो, कित्येकदा माझ्यापेक्षा जास्त वेळ देऊन काढतो आणि काही संशय आला तर पुढे पाठवतोही. पण नुसता काउंटरवर बसलेला माणूस म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट नव्हे, आणि औषध, लेझर, ऑपरेशन हे एमबीबीएसनंतर डोळ्यांचंच एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस केलेल्या डॉक्टरचं काम.

शुगरवाल्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आधी गुपचूप झिरपायला लागतात. दुखत नाही, लाल होत नाही, आणि पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत पेपरही व्यवस्थित वाचता येतो. म्हणून "मला दिसतंय ना" हे वाक्य इथे काही कामाचं नाही. मधुमेह टाइप टू, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होतो तो, असेल तर ज्या वर्षी शुगर सापडली त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी, डॉक्टरने लवकर बोलावलं तर लवकर. सासऱ्यांची ९ वर्षं तशीच गेलीत. वेळेत सापडलं तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन देऊन आहे ती नजर टिकवता येते, गेलेली सगळी परत आणता येईल असं मात्र कुणी सांगू नये. तपासताना ड्रॉप घालून बाहुली मोठी करतात, अर्धा-पाऊण तास बसावं लागतं आणि पुढचे काही तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हाचा त्रास होतो, तेव्हा त्यांना बाइक घेऊन जाऊ देऊ नका. खर्चाचंच कारण असेल तर जिल्हा रुग्णालयात नेत्र विभाग असतो, तिथे न्या.

जाताय तर काचबिंदूचंही बघून घ्या, चाळिशीनंतर सगळ्यांनीच बघावं, आणि आईवडील किंवा भावाबहिणीला असेल तर नक्कीच. यात नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत राहते. माझ्याकडे एक रिक्षावाले काका आले होते, उजव्या डोळ्याने पाटीवरची शेवटची ओळ धडाधड वाचली. धूळ गेली म्हणून सहज उजवा डोळा चोळला तेव्हा डाव्याने समोरचा सिग्नलच दिसेना म्हणून आले होते. डावा कधी गेला त्यांना पत्ता नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं सगळं झाकून नेतो. सासऱ्यांना आजच एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचायला सांगा. वाचली तरी डॉक्टरकडे न्यायचंच आहे, पण नाही वाचता आली तर वाद तिथेच मिटेल.

डॉक्टर, ऊस तोडताना पाचटाचं पान डोळ्याला लागलं. मेडिकलवाल्याने ड्रॉप दिला, दोन दिवसांत लाली गेली. आता आठ दिवसांनी परत दुखतंय, पाणी येतंय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. तोच ड्रॉप चालू ठेवू का? (एक शेतकरी, कराड तालुका)

नाही. दादा, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला त्याच दिवशी कळवलं, इथे बाकीच्यांसाठी लिहितोय. पाल्यापाचोळ्याने बुबुळ खरचटलं की त्यात बुरशी शिरू शकते. मेडिकलमधल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं, बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं बघा. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली बुरशीला रान मोकळं मिळतं. तो पांढरा ठिपका म्हणजे जखम, त्याचंच पुढे फूल पडतं आणि मधोमध पडलं तर नजर जाते. डॉक्टर तिथलं थोडं खरवडून तपासतील आणि मग नेमकं औषध देतील, आठवडेच्या आठवडे घालावं लागतं, मध्येच सोडू नका. जाताना जुनी बाटली खिशात घेऊन जा. आणि तूप, मध, एरंडेल, जिभेने कचरा काढणारी बाई, यातलं काही नको, कितीही गुण येतो म्हणाले तरी. चुना उडाला तर मात्र आधी डॉक्टर शोधत बसायचं नाही, पापणी उघडी धरून, चुन्याचे कण काढत, अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग पळायचं.

मुलगी चार वर्षांची, एक डोळा किंचित तिरळा आहे. आजी म्हणते तिरळी मुलगी भाग्याची असते, मोठी झाली की होईल नीट. थांबू का? (ठाणे)

नका थांबू. जन्मानंतरचे पहिले काही महिने डोळा अधूनमधून फिरला तर चालतं, चार वर्षांच्या मुलीचा फिरतोय तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं बंद करतोय अशी शक्यता असते. चष्मा आणि चांगल्या डोळ्याला पट्टी, एवढ्यावरही पुष्कळ मुलं सुधारतात, पण सात-आठ वर्षांच्या आत केलं तर, नंतर अवघड जातं. आजींना सांगा भाग्य कुठे जात नाही, फक्त नजर घेऊन येऊ दे. आणि कुठल्याही लहान मुलाच्या फोटोत फ्लॅशने एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा, त्यात डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो.

वय ३४, मायनस सात नंबर, दिवसभर स्क्रीन. कालपासून उजव्या डोळ्यासमोर अचानक खूप काळे ठिपके आणि कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. स्क्रीनमुळे असेल का? (हिंजवडी)

स्क्रीनला दोष देऊ नका, स्क्रीनने डोळे कोरडे पडतात, थकतात, विजा चमकत नाहीत. एखादा जुना ठिपका वर्षानुवर्षं फिरत असेल तर चालतं, पण एकदम भरपूर आणि सोबत चमक, त्यात मोठा मायनस नंबर, म्हणजे पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. भोकापर्यंतच असेल तर लेझरने चारी बाजूंनी बंद करता येतं, पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन. तुम्हालाही मेल आल्या आल्या उत्तर पाठवलं होतं. ज्यांना असं होईल त्यांनी त्याच दिवशी रेटिनावाल्या डॉक्टरकडे जावं, एका बाजूने काळा पडदा सरकतोय असं वाटलं तर रात्र असली तरी. मीटिंग होती म्हणून सोमवारी आलो असं सांगणारे दर महिन्याला भेटतात.