ठाण्यात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग आणि टॅगिंगसाठी रोज अर्धा तास जातो. त्याचा खरंच फायदा होतो का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नौपाड्यात घरूनच चकली, चिवडा, लाडू करता. वर्षभर थोडी विक्री असते आणि दिवाळीत भरपूर. टॅगची लांबलचक यादी फोनमध्ये जपून ठेवली आहे. प्रत्येक पोस्टला त्यातले टॅग निवडून टाकता, शिवाय ठाण्यातल्या फूड पेजेसना आणि ओळखीच्यांना टॅग करता. लाइक्स येतात, पण ऑर्डर त्यातून येते की नाही ते समजत नाही.

आधी पैशांचा हिशोब मांडा. रोज अर्धा तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ तास होतात. तुमच्या तासाची किंमत १०० रुपये धरली तर महिन्याला १,३०० रुपये टॅगिंगवर खर्च होतात. पीठ, तेल, गॅस आणि पॅकिंग वजा जाता किलोमागे १३० रुपये सुटत असतील, तर फक्त टॅगमुळे महिन्याला १० किलो माल जास्त खपायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी होईल. ‘फक्त टॅगमुळे’ म्हणजे टॅग नसता तर आलीच नसती अशी ऑर्डर. जुन्या गिऱ्हाइकाने पोस्ट पाहून चिवडा मागवला तर ती यात धरायची नाही. तुमचे स्वतःचे आकडे घालून हे गणित करा, कारण पुढचा निर्णय त्यावरच ठरतो.

दुसरी गोष्ट, टॅगिंग या एकाच शब्दाखाली चार वेगळी कामं येतात: हॅशटॅग, जागेचा टॅग, तुम्ही दुसऱ्याला केलेला टॅग आणि गिऱ्हाइकाने तुम्हाला केलेला टॅग. तुमचा बहुतेक वेळ पहिल्या आणि तिसऱ्यावर जातो आहे. घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात खरी कमाई दुसऱ्या आणि चौथ्यातून होते.

हॅशटॅग इन्स्टाग्रामवर २०११ पासून आहेत आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना वजन होतं. २०१७ मध्ये लोकांना एखादा हॅशटॅग फॉलो करायची सोय मिळाली, ती डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे ‘टॅग फॉलो करणाऱ्यांच्या फीडमध्ये आपली पोस्ट आपोआप जाते’ हा जुना सल्ला आता लागू होत नाही. इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच ३ ते ५ नेमके टॅग वापरा असं सुचवलं होतं. आता हॅशटॅगचं काम एवढंच उरलंय की ही पोस्ट कशाबद्दल आहे ते ॲपला सांगायचं. डब्यावर ‘भाजणी’ लिहून ठेवतो तसंच हे. चिठ्ठी लावल्याने डबा चटकन सापडतो, पण तो विकला जात नाही.

फूड, फूडी, इंडियनफूड असल्या टॅगखाली कोट्यवधी पोस्ट आहेत. तिथून तुम्हाला पाहणारा माणूस इंदूरचा किंवा दुबईचा असणार. तो लाइक करेल, चकली मागवणार नाही. नुसता ‘ठाणे’ हा टॅगही तुम्हाला वाटतो तितका नेमका नाही, कारण त्यात शहराबरोबर अख्खा जिल्हा येतो: भिवंडी, शहापूर, मुरबाड, कल्याण-डोंबिवली, खाडीपलीकडची वाशी आणि नेरुळसुद्धा. एक किलो चकलीसाठी कासारवडवलीहून कोणी घोडबंदर रोडचं ट्रॅफिक सोसत नौपाड्यात येत नाही. तुमचं गिऱ्हाईक नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड, चरई, फार तर कोपरी इथलं आहे. म्हणून टॅग तीनच ठेवा: पदार्थ, पदार्थ अधिक ठाणे, आणि भाग. रोज नव्याने निवडायचे नाहीत. एकदा ठरवून फोनच्या कीबोर्डमध्ये शॉर्टकट म्हणून साठवा. अर्ध्या तासाचं काम दहा सेकंदांवर येईल.

देवनागरी टॅग चालतो, पण ‘चकली’ देवनागरीत आणि ‘चकली’ रोमन अक्षरांत हे ॲपच्या लेखी दोन वेगळे टॅग आहेत. घाईत शोधताना बरेच मराठी लोकही रोमनमध्येच टाइप करतात, तेव्हा पदार्थाचा टॅग रोमनमध्ये आणि भागाचा देवनागरीत ठेवला तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली की टॅग तिथेच तुटतो. ‘#दिवाळी-फराळ’ लिहिलंत तर फक्त ‘#दिवाळी’ उरतो. खालची रेघ मात्र चालते.

टॅगपेक्षा कॅप्शनच्या पहिल्या ओळीवर जास्त लक्ष द्या. इन्स्टाग्रामचा शोध कॅप्शनमधले शब्दही वाचतो. ‘आजची गरमागरम बॅच!’ या ओळीतून माणसालाही काही कळत नाही आणि ॲपलाही. ‘भाजणीची चकली, अर्धा किलो, नौपाडा ठाणे, उद्या संध्याकाळी तयार’ ही ओळ टॅगच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त काम करते.

जागेचा टॅग प्रत्येक पोस्टला आणि स्टोरीला लावा. त्याला पाच सेकंद लागतात. नुसतं ‘ठाणे’ न निवडता यादीत नौपाडा किंवा जवळची ओळखीची खूण मिळते का ते पाहा. इन्स्टाग्रामच्या नकाशावर जागा शोधणारा माणूस बहुधा त्याच भागात असतो, म्हणजे तुमच्या कामाचा असतो. तलावपाळीवर गर्दी असते म्हणून घरात काढलेल्या फोटोला तलावपाळीचा टॅग लावू नका. तिथे पाणीपुरी शोधणाऱ्याला तुमचा लाडू दिसला तर तो वरच्यावर सरकवून पुढे जातो, आणि लोक थांबत नाहीत हे ॲपही टिपून ठेवतं.

आता दुसऱ्यांना टॅग करण्याबद्दल. ज्याचा पोस्टशी संबंध नाही त्याला टॅग करणं आजच थांबवा, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्या माणसाला सूचना जाते, तो वैतागून टॅग काढतो किंवा तक्रार करतो, आणि ओळखीचा असेल तर तोंडावर काही न बोलता तुम्हाला म्यूट करतो. फूड पेजेसना असे शेकडो टॅग रोज येतात, ते उघडूनही बघत नाहीत. त्यांच्याकडून काही हवं असेल तर मेसेज करून सरळ बोला आणि शक्य असेल तर ‘कोलॅब’ पोस्ट मागा. त्यांनी स्वीकारली की तीच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते आणि त्यांच्या फॉलोअर्ससमोर जाते. साधा टॅग फोटोच्या कोपऱ्यात पडून राहतो. पैसे न देता फराळाचा डबा पाठवला तरी ती जाहिरातच ठरते, म्हणून पोस्टवर तसं स्पष्ट लिहिणं त्यांना बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे आणि ग्राहक व्यवहार विभागाचे जानेवारी २०२३ चे नियम तसं सांगतात. असं लिहायला टाळाटाळ करणारं पेज नकोच.

चौथा प्रकार सर्वांत मोलाचा आणि त्यावर तुमचा वेळ जवळपास जातच नाही. गिऱ्हाइकाने डबा उघडून स्टोरी टाकली आणि तुम्हाला टॅग केलं, तर ती बघणाऱ्यांत त्याच सोसायटीतली, त्याच शाळेच्या ग्रुपातली माणसं असतात. हे घडायला हवं तर डब्याच्या झाकणावर, आतल्या बाजूला नाही, खात्याचं नाव ठळक छापलेलं हवं. नावात टिंबं आणि दुहेरी रेघा असतील तर लोक चुकीचं टाइप करतात आणि टॅग दुसऱ्याच्याच खात्यावर जातो. तसं असेल तर नाव आत्ताच सोपं करून घ्या, स्टिकर छापल्यावर महाग पडेल. तुमचं खातं पब्लिक हवं. गिऱ्हाइकाचंही खातं पब्लिक असेल तर टॅग झाल्यावर मेसेजमध्ये ‘तुमच्या स्टोरीत जोडा’ असा पर्याय येतो, पण स्टोरी २४ तासच टिकते, म्हणून त्याच दिवशी जोडा आणि हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या स्टोऱ्यांत, ठेवा.

मग हे सगळं मोजायचं कसं? तुमचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो, तेव्हा मोजमापही तिथेच करा. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनवता येते की ती दाबल्यावर मेसेज आधीच लिहिलेला येतो. डब्ल्यूए डॉट मी, तिरकी रेघ, ९१ आणि लगेच तुमचा दहा अंकी नंबर, मग प्रश्नचिन्ह, रोमन अक्षरांत ‘टेक्स्ट’, बरोबरचं चिन्ह आणि पुढे मेसेज. अंक आणि अक्षरं सगळी रोमन. नंबरआधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य घालू नका. शब्दांमधल्या मोकळ्या जागेऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि २० लिहा. मेसेजमध्ये ‘अँड’चं चिन्ह किंवा हॅशचं चिन्ह आलं तर पुढचा मजकूर गळतो. तीन लिंक करा. इन्स्टाच्या बायोमधल्या लिंकचा मेसेज ‘इन्स्टावर पाहिलं, दर पाठवा’, गूगलवरच्या लिंकचा (गूगलबद्दल पुढे सांगते) ‘गूगलवर पाहिलं, दर पाठवा’ आणि डब्यावरच्या क्यूआर कोडचा ‘डब्यावरून आले, दर पाठवा’. मेसेज आला की माणूस कुठून आला ते विचारावंही लागत नाही. फोनवर ऑर्डर देणाऱ्याला मात्र विचारा आणि वहीत लिहा.

यातून इन्स्टाग्रामचा फायदा कळेल, टॅगचा नाही. टॅगची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. चार आठवडे, आठवड्याला तीन पोस्ट, एकूण बारा. एक पोस्ट हॅशटॅगसह, पुढची हॅशटॅगशिवाय, असं आलटून पालटून करा. पदार्थ त्याच धाटणीचे, वेळ तीच, पोस्टचा प्रकार तोच. एकदा रील आणि एकदा फोटो केलंत तर रीलचा फायदा टॅगच्या नावावर जमा होईल. खातं प्रोफेशनल करून घ्या, ते मोफत असतं. प्रत्येक पोस्टच्या इनसाइट्समधून, म्हणजे ॲपच देत असलेल्या आकडेवारीतून, तीन दिवसांनी फॉलोअर नसलेल्या किती जणांनी पाहिलं आणि प्रोफाइलवर किती जण आले ते लिहा. त्या दिवसांत इन्स्टाच्या लिंकवरून आलेले मेसेज शेजारच्या रकान्यात लिहा.

एवढ्या लहान आकड्यांत दोन मेसेज आणि तीन मेसेज यांत काहीच फरक नसतो, एखादा पगाराचा आठवडासुद्धा तेवढा फरक करतो. टॅगवाल्या सहा पोस्टना मिळून दुप्पट किंवा जास्त मेसेज आले तरच टॅगला श्रेय द्या. फॉलोअर नसलेले दर्शक वाढले पण मेसेज तेवढेच राहिले, तर टॅग चुकीच्या गावात पोचवतो आहे असं समजा. काहीच फरक नसेल तर ते तीन टॅग शॉर्टकटमधून टाकत राहा आणि बाकी विषय सोडून द्या.

वाचलेल्या वेळातले दोन तास गूगलच्या बिझनेस प्रोफाइलला, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीला, द्या. ‘फराळ जवळपास’ असं शोधणाऱ्याला आत्ता घ्यायचं असतं, आणि तिथे टॅगचं काम वर्गवारी करते. मुख्य वर्ग एक, जास्तीचे नऊपर्यंत घेता येतात, पण जे करता तेवढेच घ्या. घरी गिऱ्हाईक येत नसेल तर पत्ता लपवा आणि सेवा देण्याचे भाग भरा, जसं ४००६०१ आणि ४००६०२. व्यवसायाच्या नावात ‘ठाण्यातला बेस्ट फराळ’ असं घुसडू नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात, तेव्हा ओटा, सोऱ्या, पॅकिंग आणि स्टिकर एकाच सलग व्हिडिओत दाखवा. वेबसाइटसाठी ‘कीवर्ड टॅग’, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. शोधाच्या निकालांचा क्रम लावताना तो टॅग वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

हा सल्ला सगळ्याच धंद्यांना लागू नाही. मेंदी, मेकअप, लग्नाची सजावट यांत फोटोग्राफर आणि हॉल एकमेकांना टॅग करतात आणि नवरीकडची माणसं ते टॅग उघडून बघतात. तिथे दुसऱ्याला टॅग करणं खरंच कामाचं असतं.

चाचणी सणांच्या धामधुमीत करू नका. श्रावण लागायच्या आधीचे चार आठवडे बरे, कारण तेव्हा मागणी सपाट असते. दिवाळीचे दर आणि डब्यांची मापं लिहिलेली पहिली पोस्ट नवरात्रात जाऊ द्या. सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या मोठ्या ऑर्डर कोजागिरीच्या आसपास ठरून जातात, आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर गर्दी जमते तोपर्यंत बहुतेकांच्या घरचे डबे भरलेले असतात.